एल्फिन्स्टन सर्कलच्या कमानी कुणाच्या पैशातून उभ्या राहिल्या?

दरवर्षी ६ डिसेंबरला नांदेड-लातूरकडून हजारो माणसे चैत्यभूमीवर येतात. रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने रात्र काढून, शिदोरीत भाकरी-चटणी बांधून. दर्शन झाले, पुस्तकांचे स्टॉल पाहून झाले की आपली तरुण पोरे ‘मुंबई पाहायला’ निघतात. मीही आमच्या भागातल्या दहा-बारा पोरापोरींना घेऊन एकदा अशीच फोर्टात गेले. व्हीटी स्टेशन पाहिले, हुतात्मा चौक पाहिला आणि चालत चालत हॉर्निमन सर्कलला आलो. मध्ये गोल बाग, भोवती लोखंडी कठडा, समोर टाऊन हॉलच्या रुंद दगडी पायऱ्या आणि बागेभोवती गोलाकार उभ्या असलेल्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या दगडी इमारती. तळमजल्याला सलग कमानी. त्या कमानींखालून चालताना ऊन लागत नाही.

तिथे आमच्या दोन पोरांत वाद झाला. एक म्हणाला, “ताई, काही म्हणा, इंग्रजांनी बांधलं ते अजून उभं आहे. पेशव्यांनी काय दिलं आपल्याला? गळ्यात मडकं.” दुसरा उसळला, “अरे, ही गुलामीची चिन्हं आहेत. लूट करून बांधलंय सगळं. पाडून टाकायला पाहिजे.”

दोघेही आपलेच. दोघांच्याही मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो. आणि माझ्या मते दोघेही अर्धेच बरोबर. त्या दिवशी गाडीची वेळ झाली म्हणून मी त्यांना पूर्ण उत्तर देऊ शकले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

कापसाच्या गंजीवर उभी राहिलेली वर्तुळ-वसाहत

आज ज्याला आपण हॉर्निमन सर्कल म्हणतो त्याचे मूळ नाव एल्फिन्स्टन सर्कल. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे हे नाव. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्या जागेला दिले गेले. त्याही आधी ही जागा म्हणजे किल्ल्याच्या आतले एक मोकळे मैदान होते, ‘बॉम्बे ग्रीन’. या मैदानावर काय असायचे? कापसाच्या गाठी! देशावरून आलेला कापूस इथे गंजी लावून पडलेला असायचा. १८४४ मध्ये हा कापूसबाजार कुलाब्याला हलवला गेला.

पुढे पोलिस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी कल्पना मांडली की या उकिरडा झालेल्या मैदानाचे गोलाकार बागेत रूपांतर करावे आणि भोवती एकसारख्या इमारती उभाराव्यात. नगरपालिकेने सरकारकडून जागा घेतली, तिचे भूखंड पाडले आणि चांगला नफा घेऊन ते व्यापारी कंपन्यांना विकले. म्हणजे आज ज्याला ‘प्लॉटिंग’ म्हणतात तेच. १८६० च्या दशकात इमारती उभ्या राहिल्या आणि १८७२ पर्यंत बाग पूर्ण झाली. बँका, व्यापारी पेढ्या, विमा कंपन्या इथे आल्या. जवळच्या रस्त्याचे नावच बँक स्ट्रीट. मुंबई इलाख्याची सरकारी आश्रयाची बँक, ‘बँक ऑफ बॉम्बे’, हीदेखील याच परिसरातली. ही बँक १८४० साली सुरू झाली होती. सरकार स्वतः तिचे भागधारक होते आणि संचालक मंडळावर सरकारची माणसे असत.

आता या इमारतींची रचना नीट पाहा. व्हीटी स्टेशनसारखे टोकदार मनोरे, दगडी माकडे, मोर, पाने-फुले इथे नाहीत. ती गॉथिक पद्धत. मुंबईत ती जोरात आली ती पुढच्या काळात. सर्कलची पद्धत इटालियन वळणाची आहे. अर्धगोल कमानी, आडव्या सरळ ओळी, एकसारख्या उंचीचे मजले, एकसारख्या खिडक्या. एकही इमारत शेजारणीपेक्षा मोठी होऊन मिरवत नाही. का? कारण त्यांना एकत्र मिळून एकच गोष्ट सांगायची आहे: इथे शिस्त आहे, इथे पैसा सुरक्षित आहे.

बँकेची इमारत राजवाड्यासारखी का बांधतात, हा प्रश्न समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. बँक विकते काय? धान्य नाही, कापड नाही. ती विकते विश्वास. ठेवीदाराला तिजोरी दिसत नाही, हिशेबाच्या वह्या दिसत नाहीत. त्याला दिसते ती भिंत. म्हणून भिंत जाड हवी, तळमजल्याचे दगड मोठे आणि खडबडीत हवेत, दार उंच हवे, आत शिरताना माणसाचा आवाज आपोआप खाली यायला हवा. व्हिक्टोरियन काळातील लंडन असो, कलकत्ता असो की मुंबई, बँकेच्या वास्तुरचनेचे हे गणित सगळीकडे एकच होते. दगड हीच तिची जाहिरात.

दगड उभा राहिला, बँक कोसळली

आणि इथेच या इमारतींचा सगळ्यात मोठा धडा आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होती. त्या राज्यांतल्या मळ्यांवर काळ्या गुलामांच्या घामातून पिकलेला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जात असे. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तो कापूस थांबला. गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे ७ ते ८ कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले असे मानले जाते.

हा पैसा आला आणि मुंबईच्या शेठजींना वेड लागले. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्रात भर टाकून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर कागदावर दसपट झाले. या सट्ट्याचा बादशहा होता प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावर त्याचा मोठा प्रभाव होता. ज्या बँकेला सरकारची प्रतिष्ठा होती, तिने शेअरच्या कागदांवर बेफाम कर्जे वाटली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ही आधी केलेले सौदे चुकते करण्याची तारीख होती. त्या दिवशी मुंबईचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे काही काळ तग धरून राहिली, पण जवळजवळ सगळे भांडवल बुडवून १८६८ साली ती मोडीत निघाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी करण्यात आली.

म्हणजे पाहा. दगड जागच्या जागी होते. कमानींचा एक चिराही हलला नाही. पण ज्या विश्वासाची ती जाहिरात होती तो विश्वास पोकळ निघाला. भक्कम दिसणे वेगळे आणि भक्कम असणे वेगळे, हे लातूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद असलेली घरेच झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपडीतला माणूस त्या मानाने वाचला.

गुलामीचा धागा आणि महात्मा फुले

आता माझ्या त्या पहिल्या पोराला मी विचारते. बाबा, या कमानी इंग्रजांनी ‘दिल्या’ म्हणतोस. पण हा पैसा आला कुठून? अमेरिकेत काळा माणूस साखळदंडात होता म्हणून लँकेशायरला स्वस्त कापूस मिळत होता. त्याच्या मुक्तीसाठी युद्ध पेटले म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. तो भाव शेतकऱ्यापर्यंत किती पोचला? हातात चार पैसे आले तेव्हा सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. आणि भाव पडल्यावर तेच कर्ज गळ्याशी आले. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. इतिहासाच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळी येतात. त्या दंग्यांच्या अनेक कारणांपैकी एक कारण या गोल बागेभोवतीच्या तेजी-मंदीत आहे.

बँक ऑफ बॉम्बे शेतकऱ्याला कर्ज देत नव्हती. ती व्यापाऱ्यांच्या हुंड्यांवर, सरकारी रोख्यांवर आणि पुढे सट्ट्याच्या शेअरवर पैसा देत होती. गावात पैसा पोचायचा तो सावकाराच्या वाड्यातून. म्हणजे साखळी अशी: वर कमानीतली बँक, मध्ये पेढी, खाली सावकाराची ओसरी आणि ओसरीखाली अंगणात हात जोडून उभा शेतकरी. आणि त्या शेतकऱ्याच्याही पलीकडे, अंगणाच्या बाहेर, आपला माणूस. त्याला तर कर्जसुद्धा अंगणाबाहेरूनच मिळायचे.

हा जागतिक धागा आपल्या महापुरुषांपैकी कुणी सर्वात आधी ओळखला असेल, तर तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. मुंबईचे शेठजी त्या युद्धाकडे कापसाचा भाव म्हणून पाहत होते. युद्ध संपले याचे त्यांना दुःख झाले! जोतीरावांनी त्याच युद्धाकडे माणसाच्या मुक्तीची लढाई म्हणून पाहिले. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत. आपली नजर कोणती, हे आपण ठरवायचे आहे.

दगड कुणी फोडला?

हेरिटेज म्हटले की वास्तुविशारदाचे नाव येते, गव्हर्नरचे येते, देणगीदाराचे येते. दगड फोडणाऱ्याचे येत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरियन इमारतींसाठी कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरहून जहाजाने आणलेला मऊ दगड वापरला गेला. कोरीव कामासाठी जे. जे. कला शाळेत १८६५ साली आलेल्या लॉकवुड किपलिंगचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्याच्या हाताखाली शिकलेल्या देशी कारागिरांची नावे क्वचितच सापडतात.

महाराष्ट्रात खाणीतून दगड काढणे, फोडणे, घडवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या वडार, बेलदार, पाथरवट यांच्या वाट्याला आले. मुंबईच्या बांधकामांवर आणखी एक मोठा समाज होता, कामाठी. हे तेलुगू भाषक मजूर निजामाच्या मुलखातून, म्हणजे आपल्याच तेव्हाच्या राज्यातून, मुंबईला गेले. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरून पडले. आज त्या वस्तीचे नाव ऐकले की लोक नाक मुरडतात. पण ज्यांनी शहर बांधले त्यांची ती वस्ती, हे कोण सांगतो?

आणि आपल्या चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. याच तेलुगू समाजातून व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखी माणसे पुढे आली आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा ती मुंबईतला आधार झाली. स्वतः जोतीरावही बांधकामाच्या ठेकेदारीत होते. दगड, चुना, मजुरी आणि इंजिनिअरची टक्केवारी यांचा हिशेब त्यांना पाठ होता. म्हणूनच त्यांच्या लेखनात कामगारांची लूट इतकी नेमकी उतरते. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी भागात कोळीवाड्याच्या सभागृहात त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. एल्फिन्स्टन सर्कलपासून मांडवी दूर नाही. एका बाजूला दगडाच्या मालकांचे वर्तुळ आणि थोड्या अंतरावर कष्टकऱ्यांनी आपल्या माणसाचा केलेला सन्मान. मुंबई दर्शनाच्या बसमध्ये यातले पहिलेच दाखवतात.

थोडे पुढे ओव्हल मैदानाजवळ राजाबाई टॉवर आहे. दिवाळे निघण्यापूर्वी प्रेमचंद रायचंदने विद्यापीठाला दिलेल्या पैशातून तो उभा राहिला आणि त्याला आईचे नाव दिले गेले. १८७८ साली पूर्ण झालेला, २८० फूट उंच. आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी हिंदुस्थानात आलाच नाही. त्या टॉवरवर उंचावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या दगडी मूर्ती बसवल्या आहेत. इंग्रजांना जात दिसली ती अशी, वेगवेगळ्या पागोट्यांची शोभा म्हणून. पागोट्यामागचे शोषण त्यांना दगडात कोरायचे नव्हते.

कापसाचा पैसा पुढे गिरण्यांतही गेला. त्या गिरण्यांत आपली माणसे गेली. पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मालक इंग्रज असो, पारशी असो की गुजराती, विटाळ मात्र टिकून होता. तेव्हा ‘इंग्रजांनी आपल्याला दिले’ हे वाक्य तोंडातून काढताना जरा थांबा. शाळेचे, सैन्याचे, कायद्याचे दार त्यांच्या काळात काही प्रमाणात उघडले हे खरे. पण १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी त्याच इंग्रजांना तोंडावर विचारले होते की तुमच्या इतक्या वर्षांच्या राज्यात अस्पृश्यांच्या स्थितीत फरक काय पडला?

तर मग पाडून टाकायच्या का?

आता दुसऱ्या पोराशी बोलते. तू म्हणतोस पाडा. कलकत्त्यात १८३३ साली बांधलेली ‘करन्सी बिल्डिंग’ आहे. आधी तिथे आग्रा बँक होती, १८६८ पासून सरकारचे चलन खाते. १९९० च्या दशकात सरकारी खात्यानेच ती पाडायला सुरुवात केली. मधल्या दालनाचे घुमट गेले. मग पुरातत्त्व खात्याने ती ताब्यात घेतली आणि उरलेले वाचवले. समजा ती पूर्ण पाडली असती, तर लूट भरून निघाली असती का? नाही. फक्त लुटीचा पुरावा गेला असता. आपल्या समाजाइतके पुराव्याचे मोल कुणाला कळणार? आपली लेणी, आपले स्तूप कसे झाकले गेले, बळकावले गेले, हे आपण रोज सांगतो. मग दुसरा पुरावा आपण आपल्या हाताने का पुसायचा?

बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. त्यांनी बँकेच्या इमारतीपुढे मानही तुकवली नाही आणि दगडही मारला नाही. त्यांनी आत चालणाऱ्या व्यवहाराचा अभ्यास केला. कोलंबियात १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर प्रबंध. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, जिथे पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. आणि १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने उचलून धरलेल्या चलनपद्धतीला त्यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की रुपया किती काढायचा हे जर सरकारच्या मर्जीवर राहिले तर रुपयाची किंमत घसरते, महागाई वाढते आणि त्याचा मार बसतो तो मजुरीवर जगणाऱ्याला. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली तेव्हाही व्यापारी वर्गाचे हित आणि कष्टकऱ्यांचे हित एकच नसते, हे त्यांनी स्पष्ट केले.

आपल्याकडे १ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेच्या स्थापनादिनी, ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली’ असे मेसेज फिरतात. मित्रांनो, एका ओळीच्या फॉरवर्डपेक्षा बाबासाहेबांचा ग्रंथ फार मोठा आहे. तो वाचा. सोप्या मराठीत त्यावर अभ्यासवर्ग घ्या. विरोधक फॉरवर्ड खोडून काढू शकतो, पण आपण ग्रंथ वाचलेला असेल तर तो आपल्याला खोडून काढू शकत नाही.

आणि इमारतींचे म्हणाल तर बाबासाहेबांचे उत्तर फोर्टातच उभे आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही लष्करी बराकींमध्ये. पुढे सोसायटीने फोर्टात, दादाभाई नवरोजी रस्त्याच्या परिसरात इमारती घेतल्या. आज त्यांची नावे बुद्ध भवन आणि आनंद भवन. हा रस्ता म्हणजे व्हिक्टोरियन व्यापारी मुंबईचा कणा. १८९६ च्या नियमाप्रमाणे तिथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवणे सक्तीचे होते. त्या कमानींच्या ओळीत, बँका आणि विमा कंपन्यांच्या शेजारी, तथागत बुद्धाचे आणि त्यांच्या शिष्याचे नाव असलेल्या इमारती, आणि आत गिरणी कामगारांची, नोकरी करून शिकणारी पोरे! पाडले नाही, पुजले नाही. ताब्यात घेतले, नाव बदलले आणि वापर बदलला.

नांदेड-लातूरचा माणूस या चित्रात कुठे?

हे सगळे मुंबईचे झाले. आपले काय? आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. चलनही वेगळे, हाली-उस्मानिया शिक्का. नांदेडला रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, हैदराबाद-मनमाड मार्गावर. लातूरला बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी आली १९११ मध्ये. आणि त्यानंतर काही वर्षांतच, १९१७ साली, लातूरच्या बाजारपेठेत काय उभे राहिले? गंज गोलाई!

गंज गोलाई रोज पाहणाऱ्या लातूरच्या पोरांनी हॉर्निमन सर्कल पुन्हा एकदा नीट पाहावे. हेही वर्तुळ, तेही वर्तुळ. तिथे मध्ये बाग, इथे मध्ये दुमजली गोल इमारत आणि अंबाबाईचे मंदिर. इथे सोळा रस्ते येऊन मिळतात आणि एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार: कुठे सोने, कुठे कापड, कुठे मिरची, कुठे गूळ, कुठे चपला. आराखडा करणारे म्हणून फैयाजुद्दीन यांचे नाव घेतले जाते. दोन्ही ठिकाणी आधी शेतमाल, मग रेल्वे किंवा बंदर, मग व्यापारी आणि मग दगडी वर्तुळ, हाच क्रम आहे. हे वर्तुळ कुणाला आत घेते आणि कुणाला पाटी-हमालीपुरते आत येऊ देते, हा प्रश्नही दोन्हीकडे तोच. सोळा रस्त्यांपैकी चामड्याचा रस्ता कुणाच्या श्रमावर उभा राहिला आणि सोन्याच्या रस्त्यावर आपली किती दुकाने आहेत, हे लातूरच्या कार्यकर्त्यांनी एकदा वही-पेन घेऊन मोजावे. एम. ए. च्या प्रबंधाइतके ते काम मोलाचे होईल.

बँक आपल्याकडे उशिरा आली. १९४१ साली कायदा होऊन हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, १९४२ पासून तिचे काम सुरू झाले. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. तिकडे बँक ऑफ बॉम्बे १९२१ साली इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ साली त्याची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. १ एप्रिल २०१७ रोजी हैदराबादची बँकही त्याच बँकेत विलीन झाली. म्हणजे एल्फिन्स्टन सर्कलचा वारसा आणि निजामाच्या राज्याचा वारसा आज एकाच पासबुकात आहे. १९६९ साली १४ खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा पहिल्यांदा म्हटले गेले की बँक गरिबाच्या दारी गेली पाहिजे.

गेली का? माझे काम बचत गटांचे आहे. आमच्या एका गटातल्या मावशींना घेऊन मी एका बँकेत गेले होते. इमारत काही व्हिक्टोरियन नव्हती. काचेचे दार, एसी, टाईल्स. मावशींनी दारात चपला काढल्या. मी म्हणाले, “मावशी, चपला कशाला काढताय, हे काय देऊळ आहे?” त्या म्हणाल्या, “राहू दे गं बाई, आत साहेब आहेत.” कर्जाच्या फाईलसाठी आम्ही सहा चकरा मारल्या. गटाची परतफेड वेळेवर होती, कागद पूर्ण होते. दर वेळी एक नवा कागद निघायचा. सातव्या वेळी मी नियमाची प्रत टेबलावर ठेवली तेव्हा फाईल हलली.

दगड गेला, काच आली. पण दारात चपला काढायला लावणारी ती भीती अजून तिथेच आहे, आणि ती काही मावशींनी आपण होऊन तयार केलेली नाही. दीडशे वर्षे बँकेची इमारत हेच सांगत आली की आत येण्याआधी तू आपली पायरी ओळख. आणि ‘पायरी ओळखणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग कुणासाठी तयार झाला, हे मी सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. एक, पुढच्या ६ डिसेंबरला फोर्टात जाल तेव्हा सेल्फी जरूर काढा, पण सोबतच्या लहान पोराला सांगा की इथे कापसाच्या गंजी होत्या, हा पैसा गुलामांच्या युद्धातून आला, हा दगड वडार-कामाठ्यांनी फोडला-वाहिला, आणि इथून चालत गेले की बुद्ध भवन लागते. दोन, ‘स्टँड अप इंडिया’ योजना २०१६ साली आली तेव्हा प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे असे ठरले होते. आपल्या तालुक्यातल्या किती शाखांनी दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. इतिहास वाचायचा तो याच्यासाठी. तीन, मराठवाड्यातल्या जुन्या इमारतींचा, गिरण्यांचा, जिनिंगचा, गोलाईचा इतिहास आपण लिहूया. दुसऱ्याने लिहिला तर त्यात मालकाचे नाव असेल, मजुराचे नसेल.

बाबासाहेबांनी मराठवाड्यासाठी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. नांदेड-लातूरच्या किती घरांतला पहिला पदवीधर त्या नागसेनवनातून बाहेर पडला, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तिथल्या पायऱ्यांवर कुणालाच चपला काढाव्या लागल्या नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!